कादंबरी सुचते कुठे? बेळगावच्या चहूबाजूंचे कादंबरीकार आणि त्यांचे वाचक

वाचनालयात पुस्तक परत करायला आलेले सभासद दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, “याच लेखकाचं आणखी काही आहे का?” आणि दुसरा, “हे त्यांना सुचलं तरी कसं असेल हो?” पहिल्याचे उत्तर नोंदवहीत सापडते. दुसऱ्याचे सापडत नाही, म्हणून सभासदांसाठी ही नोंद.

उत्तर शोधायला फार लांब जायचे कारण नाही. बेळगावहून सकाळी निघून रात्री घरी परत येता येईल एवढ्या टापूत मराठीतल्या कितीतरी गाजलेल्या कादंबऱ्यांची मुळे आहेत. कोवाड, आजरा, कागल, निपाणी आणि घाटाखाली शिरोडे. या गावांची नावे आपण एसटीच्या पाट्यांवर रोज वाचतो. इथल्या लेखकांची चरित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. विषय शोधायला यांतले फारसे कोणी बाहेर पडले नव्हते. नोकरीमुळे, घरामुळे किंवा गरिबीमुळे जिथे राहणे भाग पडले तिथेच त्यांना पहिला विषय मिळाला. वाचकाचा वाटा मात्र आपण समजतो त्यापेक्षा मोठा आहे. काही लेखकांची पुढची वाट वाचकांनीच ठरवली.

पहिला मान बेळगावकराचा

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बहुतेक अभ्यासक ‘यमुनापर्यटन’ या पुस्तकाचे नाव घेतात. ते १८५७ साली प्रसिद्ध झाले. लेखक बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात, कासार कुटुंबात झाला. सुरुवातीचे शिक्षण इथेच मिशनच्या शाळेत आणि पुढचे मुंबईत झाले. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुस्तकाला त्यांनी जोडनाव दिले होते, ‘अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. विषय कुठून आला हे त्या जोडनावातच आहे. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ चा, म्हणजे पुस्तकाच्या आदल्याच वर्षीचा. ज्या प्रश्नावर घराघरात वाद चालले होते तोच पदमनजींनी कथेत घेतला. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, वाटेत निरनिराळ्या विधवा भेटतात, त्यांच्या हकिगती कळतात आणि शेवटी तीच वेळ यमुनेवर येते.

पुस्तकात धर्मोपदेश भरपूर आहे. त्यामुळे काही अभ्यासक पहिल्या स्वतंत्र कादंबरीचा मान लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या १८६१ च्या ‘मुक्तामाला’ला देतात. तो वाद विद्वानांनी घालावा. आजच्या वाचकाने उपदेशाची पाने चाळून पुढे गेले तरी चालेल, पण त्या बायकांच्या हकिगती वगळू नयेत. पुस्तकाची खरी अडचण वेगळीच होती. ज्यांच्यासाठी ते लिहिले त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. लेखकाला विषय मिळाला होता, वाचक अजून तयार व्हायचा होता.

तो व्हायला तीसेक वर्षे लागली. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापली. तिची नायिकाही यमूच, पण ही यमू स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगते. आठवड्याच्या आठवड्याला घरात येणाऱ्या अंकातून, दुपारच्या वेळी, माजघरात एकीने वाचायचे आणि इतरांनी ऐकायचे, अशा वाचनाचा काळ आता आला होता. पदमनजींना जो वाचक मिळाला नाही तो आपट्यांना मिळाला.

शिरोड्याचे मास्तर

गोव्यातले सभासद शिरोडे म्हटले की फोंडा तालुक्यातले गाव समजतात. हे ते नव्हे. वेंगुर्ले तालुक्यातले, तेरेखोलच्या अलीकडचे, मिठागरांचे शिरोडे. वि. स. खांडेकर १९२० साली इथल्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. जन्म सांगलीचा, १८९८ चा. सावंतवाडीजवळच्या नाणेलीला चुलत्यांकडे दत्तक गेल्यामुळे त्यांचा कोकणाशी संबंध आला. शहरात राहून साहित्यिक म्हणून नाव मिळवायच्या वयात ते एका आडगावच्या शाळेसाठी खस्ता खात होते.

त्यांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ १९३० ची. त्याच वर्षी शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला आणि देशभरातले स्वयंसेवक त्या लहानशा गावात येऊन धडकले. खांडेकरांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत ध्येयवादी शिक्षक, गरिबीत शिकणारी मुले, बोलायला मोठी आणि वागायला छोटी असलेली सुशिक्षित मंडळी पुन्हा पुन्हा भेटतात. ही माणसे त्यांनी वर्गात आणि गावात पाहिलेली होती. त्यांच्या भाषेतला अलंकारांचा सोस आज काहींना जड वाटतो, मलाही कधी कधी वाटतो. पण शिरोडे पाहून आल्यावर ‘उल्का’ वाचली तर अलंकारांच्या मागचा संताप दिसतो.

१९३८ नंतर ते कोल्हापूरला स्थायिक झाले. मास्टर विनायकांच्या चित्रपटांसाठीही त्यांनी लिहिले. त्यामुळे जे कधी पुस्तक हाती धरत नसत त्यांच्यापर्यंतही त्यांचे नाव पोहोचले. अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली होती. मजकूर ते तोंडी सांगत आणि दुसरे कोणी लिहून घेई. डोळे नसलेला लेखक आणि पत्रे पाठवणारे वाचक यांच्यामध्ये असे वाचून दाखवणारे, लिहून घेणारे तिसरे माणूस कायम असे. आपल्याकडच्या किती घरांत अशी वाचून दाखवणारी नातवंडे होती हे जुन्या सभासदांना आठवत असेल.

खांडेकरांचे वाचक मराठीपुरते राहिले नाहीत. तमिळमध्ये का. श्री. श्री. यांच्या अनुवादांमुळे ते घरोघर पोहोचले. कन्नडमध्ये व्ही. एम. इनामदारांसारख्या स्वतः कादंबरीकार असलेल्या माणसाने त्यांचे अनुवाद केले. आपल्या गल्लीतल्या कन्नड शेजाऱ्याला खांडेकर माहीत असतात ते यामुळे.

एकच ययाती, दोन लेखक

प्रेरणा कशी काम करते हे बघायचे असेल तर बेळगावइतकी सोयीची जागा नाही. इथून उत्तरेला कोल्हापूर, दक्षिणेला धारवाड. १९५९ मध्ये खांडेकरांची ‘ययाति’ आली. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९७४ चे ज्ञानपीठ, मराठीतले पहिले. १९६१ मध्ये धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने गिरीश कार्नाडांचे कन्नड नाटक ‘ययाति’ छापले. महाभारतातली तीच गोष्ट, शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेला राजा आणि त्याला आपले तारुण्य देणारा मुलगा पुरू. साठी ओलांडलेला मराठी कादंबरीकार आणि विशीतला कन्नड नाटककार यांनी ती दोन वर्षांच्या अंतराने हाताळली.

पण दोघांना ती वेगवेगळ्या बाजूंनी सापडली. खांडेकरांचा डोळा ययातीवर आहे. स्वातंत्र्यानंतर भोवतीच्या समाजात वाढलेली सुखाची हाव त्यांना अस्वस्थ करत होती आणि ययाती हा त्यांना आजच्या माणसाचा प्रतिनिधी वाटला, असे त्यांनी भूमिकेत मोकळेपणी मांडले आहे. म्हणून ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात आणि मूळ कथेत थोडासाच येणारा कच इथे संयमाचा नमुना म्हणून मोठा होतो. कार्नाड त्या वेळी शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला निघाले होते आणि मुलाने परत यावे की नाही, कसे वागावे, याबद्दल घरच्यांच्या अपेक्षांचे ओझे त्यांच्या मनावर होते. त्यांनी नंतर सांगितले की पुरूची गोष्ट त्यांना त्यामुळे भिडली. बापासाठी मुलाने आपले आयुष्य द्यायचे की नाही हा त्यांचा स्वतःचा प्रश्न होता.

कथा सगळ्यांना ठाऊक असलेली. ती कोणत्या वयात, कोणत्या घरात, कोणत्या अडचणीत माणसाला गाठते त्यावर तिचे काय होणार हे ठरते. दोन्ही भाषा येणाऱ्या आपल्या सभासदांनी ही दोन पुस्तके लागोपाठ वाचावीत. हा योग पुण्याच्या किंवा बंगळूरच्या वाचकाच्या नशिबी सहसा येत नाही.

कोवाडहून शनिवारवाड्यात

चंदगड तालुक्यातले कोवाड बेळगावहून तासाभराच्या वाटेवर आहे. बाजाराला, दवाखान्याला, शाळा-कॉलेजला तिथली माणसे आजही बेळगावलाच येतात. रणजित देसाई (१९२८–१९९२) या गावचे. त्यांचे नाव काढले की ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’ आठवतात, पण सुरुवात तिथून नाही. ‘बारी’ ही त्यांची आधीची कादंबरी बेरडांच्या जगण्यावर आहे. बारी म्हणजे घाटातली अरुंद वाट. कोल्हापूर-बेळगावच्या या रानातली माणसे, त्यांच्यावर बसलेला गुन्हेगारीचा शिक्का, बदललेल्या काळात त्यांची झालेली कोंडी, हे सगळे देसायांनी लहानपणापासून पाहिलेले. ‘माझा गाव’चे तर नावच बोलके आहे.

मग १९६२ मध्ये ‘स्वामी’ आली. थोरले माधवराव पेशवे आणि रमाबाई. पानिपतानंतर कर्जात बुडालेले राज्य, घरातले चुलते रघुनाथराव, क्षयाचा आजार आणि १७७२ मध्ये थेऊरला झालेला शेवट. पुस्तकाला १९६४ चा अकादमी पुरस्कार मिळाला आणि वाचकांनी ते असे डोक्यावर घेतले की देसाई पुढे ऐतिहासिक कादंबरीकार म्हणूनच ओळखले गेले. ‘श्रीमान योगी’ झाली, नंतर ‘राजा रविवर्मा’ झाली. या शेवटच्या पुस्तकामुळे आपल्या वडोदऱ्याच्या मंडळींना देसाई विशेष जवळचे वाटतात, कारण सयाजीरावांसाठी रविवर्म्याने केलेली चित्रे लक्ष्मीविलास राजवाड्यात आहेत.

इथे वाचकाचा हात स्पष्ट दिसतो. कोवाडच्या माणसाला बेरडांची गोष्ट सापडली होती, वाचकाला पेशव्यांची हवी होती. यात वाईट काही नाही, पण ‘बारी’ वाचनालयाच्या फडताळात वर्षानुवर्षे तशीच राहते आणि ‘स्वामी’च्या प्रती झिजून बदलाव्या लागतात याची चुटपुट लागते.

दुसरी गोष्ट, ‘स्वामी’चे अनेक वाचक तिला इतिहास समजतात. माधवरावांच्या कारभाराबद्दल कागदपत्रे भरपूर आहेत. रमाबाईंबद्दल मात्र फार थोडी माहिती मिळते. त्या सती गेल्या हे ठाऊक आहे, पण नवरा-बायकोतले लडिवाळ बोलणे, रुसवे, काळजी हे लेखकाने रचलेले आहे. कागदात जिथे रिकामी जागा होती तिथेच कादंबरीकाराला वाट मिळाली आणि वाचकांचे मन जडले ते नेमके तिथेच. घरात मुलांना हे पुस्तक देताना एवढे सांगून द्यावे.

आजऱ्याचा कर्ण

शिवाजी सावंत आजऱ्याचे, जन्म १९४०. ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते आणि कोल्हापूरला शाळेत शिकवत होते. कर्ण त्यांच्या मनात घोळत होता. त्याला धक्का दिला तो केदारनाथ मिश्र ‘प्रभात’ यांच्या ‘कर्ण’ या हिंदी काव्याने. एका भाषेतले पुस्तक दुसऱ्या भाषेतल्या लेखकाच्या हाती पडते आणि त्यातून तिसरेच काही उगवते, हे दोन-तीन भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको.

सावंतांनी कथा एकट्या कर्णाच्या तोंडी ठेवली नाही. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण असे सगळे आपापल्या ठिकाणाहून बोलतात. कर्णाची बायको आणि कर्णाचा भाऊ यांना एवढा आवाज मराठी वाचकाने पूर्वी ऐकलेला नव्हता. माझ्या वर्गात दोन वृषाली होत्या, आणि दोघींच्या घरी ‘मृत्युंजय’ होती. पुस्तकाचे हिंदी, कन्नड, गुजराती अशा अनेक भाषांत अनुवाद झाले आणि १९९४ मध्ये त्याला मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला. अनुवादांमुळे एक गंमत झाली आहे. उत्तर भारतात अनेकांना सावंत हिंदी लेखक वाटतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या मंडळींनी हा गैरसमज कितीदा दूर केला असेल त्याची मोजदाद नाही.

कागल: म्हशीच्या पाठीवरची कविता

निपाणीहून कोल्हापूरकडे जाताना महाराष्ट्राची हद्द लागते आणि लगेच कागल येते. आनंद यादव (१९३५–२०१६) इथल्या एका गरीब कुळाच्या घरातले. वडील दुसऱ्याची जमीन कसत. पोराने शाळा सोडून मोटेवर, मळ्यात राबावे असे त्यांचे म्हणणे, आणि पोराला शिकायचे. ही झुंज म्हणजे १९८७ ची ‘झोंबी’. ही आत्मचरित्रात्मक कादंबरी. तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

लेखकाला लिहावेसे कधी वाटते, या प्रश्नाचे मला माहीत असलेले सगळ्यात प्रामाणिक उत्तर ‘झोंबी’त आहे. शाळेत सौंदलगेकर नावाचे मराठीचे मास्तर होते. आडनाव आपल्या निपाणीजवळच्या सौंदलग्याचे. ते कविता चालीवर गाऊन, हावभावांसह शिकवत. मुलगा तल्लीन होऊन ऐके आणि नंतर रानात पाणी पाजताना, गुरे राखताना एकटाच त्या चाली म्हणे. एकटेपण, जे आधी खायला उठत असे, ते त्याला आवडू लागले. तोवर त्याला कवी म्हणजे कोणी दुसऱ्या लोकातली माणसे वाटत. मास्तर स्वतः कविता करतात हे कळल्यावर त्याला कळले की कवी हाडामांसाचा असतो. मग मास्तरांनी आपल्या दारावरच्या मालतीच्या वेलीवर कविता केली. मुलाने ती वेल पाहिलेली होती आणि आता कविताही पाहिली. वेल आणि कविता दोन्ही समोर. त्याला वाटले, अशा गोष्टी तर आपल्या मळ्यात पुष्कळ आहेत. कागद-पेन्सिल खिशात ठेवायची सवय लागण्यापूर्वी तो काटकीने म्हशीच्या पाठीवर ओळी कोरी आणि पाठ झाल्या की पुसून टाकी.

या मुलाने पुढे १९७१ मध्ये ‘गोतावळा’ लिहिली. नारबा हा मळ्यावरचा गडी, त्याचा गोतावळा म्हणजे बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या. मालकाने ट्रॅक्टर आणायचे ठरवले आणि एकेक जनावर जाऊ लागले. एवढीच गोष्ट. संवादच नव्हे तर सगळे निवेदन नारबाच्या बोलीत आहे, आणि त्या वेळी हे धाडस होते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला पहिली पाने अडखळत वाचावी लागतात. आपल्याकडे उलट होते. “काय करायलास?” असे विचारणाऱ्या घरात ‘गोतावळा’ मोठ्याने वाचली तर शब्दार्थ विचारावे लागत नाहीत.

हा अनुभव आमच्या मंडळाच्या वाचनाला आला. एका रविवारी ‘गोतावळा’तली काही पाने वाचली. ऐकायला आलेल्या एका आजी, पूर्वी शेतावर कामाला जाणाऱ्या, बैल विकायला नेतात त्या ठिकाणी उठून बाहेर गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या आणि म्हणाल्या, “वाच बाळा फुडं.” त्यांचा दहावीतला नातू शेजारी होता. त्याला वेगळेच कोडे पडले होते. आजी बोलते तशी भाषा पुस्तकात लिहिलेली चालते का, असे त्याने विचारले. शाळेत तो तशी लिहील तर गुण कापतात.

आता या नातवाच्या पिढीची खरी अडचण. केंद्रीय मंडळाच्या शाळेत बारावीला हिंदी घेतलेल्या मुलांना ‘जूझ’ नावाचा पाठ असतो. तो ‘झोंबी’तलाच भाग आहे. म्हणजे निपाणीचे किंवा बेळगावचे मूल, ज्याच्या घरापासून कागल फार तर दीड-दोन तासांवर आहे, ते यादवांना पहिल्यांदा भेटते हिंदी अनुवादात, परीक्षेच्या प्रश्नोत्तरांसाठी. अनुवाद चांगला आहे, तक्रार त्याची नाही. पण सौंदलगेकर मास्तर शेजारच्या गावचे, मळा आपल्या रस्त्यालगतचा आणि मूळ भाषा आजीची आहे हे त्या मुलाला कोणी सांगत नाही. शिकवणी लावताना पालकांनी मूळ ‘झोंबी’ची प्रत घरात आणून ठेवावी. त्यातले तेच प्रकरण वाचायला एक संध्याकाळ पुरते.

यादवांची ‘नटरंग’ २०१० च्या चित्रपटामुळे तरुणांना माहीत आहे. त्यांनी पाहिलेल्या गुणाची गोष्ट आधी कादंबरीत, १९७८ मध्ये आलेली आहे. चित्रपट आवडला असेल तर कादंबरी जास्त टोचेल.

निपाणीचाही उल्लेख केला पाहिजे. महादेव मोरे तिथे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. तंबाखूच्या वखारींतल्या बायका, ड्रायव्हर, मिस्त्री, हमाल ही त्यांची माणसे. दळण घेऊन येणारे गिऱ्हाईक आणि कथेतले पात्र यांच्यात फारसे अंतर नव्हते. सीमाभागात राहून, सीमाभागातल्या कष्टकऱ्यांवर, इथल्याच मराठीत एवढे लिहिणारा दुसरा लेखक दाखवणे कठीण. आपल्या वाचनालयांत त्यांची पुस्तके किती आहेत हे प्रत्येक शाखेने एकदा पाहावे.

लेखक आणि वाचक समोरासमोर

पुस्तकाबाहेर लेखक भेटण्याची आपल्याकडची जुनी जागा म्हणजे साहित्य संमेलन. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी गावांना या बाबतीत कादंबरीकार बरेच लाभले. मडगावच्या १९३० च्या संमेलनाचे अध्यक्ष ‘रागिणी’कार वामन मल्हार जोशी होते. हैदराबादला १९३१ मध्ये ज्ञानकोशकार केतकर अध्यक्ष होते, ज्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या. बेळगावला १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर होते. त्याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्यामुळे कादंबरीकार माडखोलकर मागे पडले आणि ठराव लक्षात राहिला. वडोदऱ्याला २०१८ मध्ये लक्ष्मीकांत देशमुख होते.

भेट नेहमी गोडच होते असे नाही. यादवांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतल्या काही चित्रणावर वारकऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले आणि २००९ च्या महाबळेश्वर संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्षपदही सोडले. कोणाचे किती चुकले याबद्दल आपल्या सभासदांत दोन तट आहेत आणि ते राहतील. मला एवढेच दिसते की ज्या वाचकाची भाषा यादवांनी आयुष्यभर लिहिली, त्याच वाचकाचा तुकोबावर त्यांच्याइतकाच हक्क होता. रमाबाईंची रिकामी जागा भरताना देसायांना कोणी अडवले नाही. तुकोबांच्या आयुष्यात मात्र तशी जागा रिकामी नव्हती, ती आधीच लाखो माणसांनी भरलेली होती.

वाचायला घेताना

घरात कादंबरी वाचायची सवय नसेल तर ‘मृत्युंजय’ने सुरुवात करावी. जाड आहे, पण ओढून नेते. मोठ्याने वाचायला ‘गोतावळा’ उत्तम, रोज पंधरा-वीस पाने. शाळकरी मुलांसाठी ‘झोंबी’तले शाळेचे भाग निवडावेत, सगळे पुस्तक एकदम देऊ नये, कारण त्यातली उपासमार आणि मारझोड लहान मुलांना झेपत नाही. ‘स्वामी’ वाचली असेल तर पुढचे पुस्तक ‘बारी’ घ्यावे. ‘ययाति’ घेतल्यास भूमिका आधी न वाचता शेवटी वाचावी. ‘यमुनापर्यटन’ची नवी छापील प्रत दुकानात क्वचितच मिळते, जुन्या वाचनालयांत विचारावी. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे आहे, म्हणजे त्या पुस्तकापेक्षाही नऊ वर्षांनी जुने.

शिरोड्याला जाणाऱ्यांनी खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालय पाहावे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठातही त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. दोन्ही पाहायची असतील तर आधी शिरोडे आणि मग कोल्हापूर असा क्रम ठेवावा, त्यांच्या आयुष्याचा क्रमही तोच होता.